सहा वाजून बारा मिनिटांनी

पुणे,
१० एप्रिल २०२५

प्रिय हनुमंतदादा,

नूतनचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीक असणार, कारण फोनवर तू दुसरं काही सांगतच नाहीस.

हाताने लिहिलेलं पत्र बघून दीपमालावहिनी हसेल. तिला म्हणावं, खुशाल हस. काय करू? फोन केला की तू गुडघा, म्हैस आणि कैऱ्या एवढ्यावरच बोलतोस, आणि मी पुढचं काही काढलं की तुझी रेंज जाते. हिर्डोशीची रेंज मला चांगली ठाऊक आहे दादा, ती विषय बघून जात नाही. कागदावर तुला मध्येच फोन ठेवता येणार नाही, म्हणून हा खटाटोप.

गुडघ्याचं काय केलंस? भोरला डॉक्टरांकडे जायचं एसटी चुकली या सबबीवर तिसऱ्यांदा राहिलं, असं वहिनीकडून कळलं. एसटी तुलाच बरी चुकते! बाकी गाव वेळेवर जातं.

मी खोली बदलली. तिसरा मजला, खाली गॅरेज. पंखा खडखडतो. आधीच्या खोलीतलाही खडखडायचा, पण तेव्हा मला झोप यायची. हल्ली बसले की उठावंसं वाटतं आणि उठले की कुठे जायचं ते कळत नाही. एवढं लिहिताना दोनदा गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता, आज मी चहासुद्धा केलेला नाही.

आणि हो, एक सांगायचं राहिलं. जानेवारीत मला बढती मिळाली. आमच्या टीमची प्रमुख मी आता. पेढे पाठवायला हवे होते, नाही पाठवले.

खरं म्हणजे मला तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. दोन वर्षं होतील त्याला. पेटी बसवली त्या संध्याकाळी आपण ओढ्याच्या फरशीपुलावर पाय सोडून बसलो होतो. वर घाटाच्या अंगाला पाणी मोजणारा डोळा, फरशीच्या तोंडाशी खांबावर माझी पेटी आणि पेटीवर दिवा. फरशीवर पाणी येण्याजोगं असलं की लाल, एरवी हिरवा. कंपनीची माणसं जेवून गेली होती आणि मी अशी फुगले होते की विचारू नकोस. आपल्या वाडीच्या फरशीवर आपल्या वाडीच्या पोरीने केलेली पेटी! तिचा राखणदार म्हणून तुझं नाव मीच दिलं होतं. तू दिव्याकडे बोट केलंस आणि म्हणालास, "मानूस चुकला तर पेटी सांगंल. पेटी चुकली तर पेटीला कोण सांगतं?"

ती चुकत नाही, म्हणाले मी, आणि जेवायला चल म्हणून उठले.

चुकते, दादा. नीट सांगते. पेटीच्या आत कामं करणारे प्रोग्राम असतात. एक पाणी वाचतो, एक दिवा लावतो, एक ऑफिसला निरोप पाठवतो. या सगळ्यांच्या खाली एक गाभा असतो, आम्ही त्याला कर्नल म्हणतो. कुणाला किती जागा, कुणी कधी काम करायचं, हे तो ठरवतो. वरचं कुणी चुकलं तर गाभा त्याला बाहेर काढतो आणि बाकीच्यांचं चालू राहतं. पण गाभाच चुकला तर त्याच्या वर कुणी नाही. त्याने स्वतःच स्वतःला पकडायचं. आपल्याच आठवणीत भलतंच काहीतरी लिहिलं गेलंय, जिथे जे असायला हवं ते तिथे नाही, असं त्याच्या ध्यानात आलं की त्याला दोन वाटा असतात.

पहिली म्हणजे सगळं तिथल्या तिथे थांबवायचं. काय दिसलं ते लिहून ठेवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. आमच्या धंद्यात याला पॅनिक म्हणतात. नाव अगदी चुकीचं दिलंय, कारण घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. आता माझ्याच आकड्यांवर माझा भरवसा नाही, तेव्हा मी बोलणं थांबवतो, इतकंच तो म्हणतो. मी आपली पेटी तशीच केली होती. थांबली की दिवा लाल, आणि माणसाने येऊन बघेपर्यंत लालच. माहीत नाही म्हणजे लाल.

दुसऱ्या वाटेचं राहू दे. ऑफिसची गाडी खाली येऊन उभी आहे.

वहिनीला नमस्कार. गुडघा दाखव.

तुझी,
नूतन

ता. क. सोपानतात्या सारोळ्याला लेकीकडे राहायला गेले म्हणे. पत्ता असला तर कळव. सहज विचारते.


पुणे,
१९ एप्रिल २०२५

दादा,

तुझं उत्तर नाही. वहिनीचा मेसेज आला, "पत्र वाचल्यापासून हे गप आहेत. काय लिहिलंय एवढं?" खाली सोपानतात्यांचा पत्ता. हायवेला, नीरेच्या पुलाच्या अलीकडे, टायरच्या दुकानाला लागून लेकीची रसवंती.

ऑफिसची गाडी आली नव्हती. त्या दिवशी महावीर जयंतीची सुट्टी होती. मी ते वाक्य लिहिलं, पेन ठेवलं आणि दिवसभर या खोलीत येरझाऱ्या घातल्या. सहज विचारते हेही खोटं. आता उरलेलं लिहिते. अक्षर लागलं नाही तर वहिनीकडून वाचून घेऊ नकोस, तूच पुन्हा वाच.

दुसरी वाट अशी. गाभ्याला आपली चूक सापडली तरी थांबायचं नाही. चूक झाली तेव्हा ज्याचं काम चाललं होतं तेवढ्या एकाला काढून टाकायचं आणि पुढे चालू लागायचं. बहुतेक वेळा निभतं. पण त्या घडीपासून गाभा स्वतःवर एक खूण करून ठेवतो, डागाची. यापुढे माझं काही खरं धरू नका, असा त्या खुणेचा अर्थ. मात्र ती खूण कुणी मुद्दाम उघडून बघितली तरच दिसते. बाहेरून सगळं चाललेलं असतं.

गेल्या जूनमध्ये पेटी आठवड्यात सहा-सात वेळा लाल होऊन थांबत होती. पाणी नसताना लाल. तू पायऱ्या उतरून जायचास, बटण दाबायचास, परत यायचास, तो गुडघा घेऊन. पलीकडच्या रानात भाताची रोपं वाढत चालली होती आणि बाया अलीकडे उभ्या. तुझा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. तू म्हणालास, "नूतन, लोक म्हनत्यात तुजी पेटी भित्री हाय. कायतरी कर बाई."

भित्री हा शब्द मला लागला. तुझा राग आला, गावाचा आला. खरी चूक पाणी वाचणाऱ्या भागात होती, तो गाभ्याच्या जागेत लिहीत होता. नेमकी जागा शोधायला तीन आठवडे लागले असते. साहेबांनाही पेट्या फार थांबतात म्हणून वरून बोलणी बसत होती. तेव्हा मी शोधलं नाही. एके ठिकाणी एक होता, त्याचा शून्य केला. चूक सापडली तर थांब, याऐवजी चूक सापडली तरी चाल. एवढाच बदल, सगळ्या पेट्यांना एकदम. चार वाजता केला आणि पाच वाजता तुला फोन केला की दादा, आता दिवा थांबायचा नाही. तू म्हणालास, "बेस झालं."

खरंच थांबला नाही.

आता दगडाचं. फरशीच्या वरच्या अंगाचा तो दगड. आजोबांपासून आपल्या घराकडे त्याला चुना लावायचं काम. दर वर्षी मिरगाच्या आधी तू ओढ्यात उतरून तो पांढराफेक करायचास. दगड दिसला तर फरशीवर पाय टाकायचा, नाही दिसला तर माघारी. लहान पोरालाही कळणारा नियम. पेटी बसली तेव्हा मीच म्हणाले, आता कशाला चुना फासत बसतोस, साहेब लोक हसतील. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस, आणि त्या वर्षीपासून चुना लागला नाही. दोन पावसाळ्यांत दगडावर शेवाळ चढलं.

आता मला कळतं की तो दगड माझ्या पेटीपेक्षा हुशार होता. पाणी चढलं तर दिसायचा नाही. धुकं आलं तर दिसायचा नाही. आपल्या घराने आळस केला, चुना लावला नाही, तरी दिसायचा नाही. काहीही बिघडलं तरी माणूस अलीकडेच राहायचा. त्या दगडाला खोटं हिरवं सांगता येत नव्हतं. आणि मी शिकलेली बाई त्याच्यावर हसले.

अकरा जुलै. वाडीत ऊन पडलं होतं, हे तूच नंतर सांगितलंस. पाऊस सगळा वर घाटात. सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी पेटीचा गाभा चुकला. पाणी वाचणारा त्यात गेला. दादा, पाण्याचा आकडा जिथे ठेवतात त्या जागेला कुलूप असतं, एका वेळी एकानेच आत जायचं. वाचणारा आतून कुलूप लावून मेला. दिवा लावणारा दाराशी थांबून राहिला, आता उघडेल मग उघडेल. दिवा होता तसा राहिला, म्हणजे हिरवा. आणि तिसरा, ज्याचं काम दर मिनिटाला ऑफिसला मी जिवंत आहे कळवायचं, तो इमानाने कळवत राहिला. मी साडेआठला ऑफिसात आले, पडद्यावर हिर्डोशी हिरवी बघितली आणि डबा उघडून पोहे खाल्ले.

पावणेदहाला लीलाकाकू लावणीच्या बायांच्या भाकरी डोक्यावर घेऊन फरशीवर उतरल्या.

जरा वेळाने लिहिते.

लिहिते. तू मला साडेअकराला फोन केलास. तुझा आवाज ओळखू येत नव्हता. सोपानतात्यांची लीला गेली म्हणालास, दिवा हिरवा व्हता म्हणालास. आणि माझ्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं ते तुला माहीत आहे. त्यावर आपण कधी बोललो नाही. तू विसरला असशील अशी मी नऊ महिने आशा करते आहे. मी म्हणाले, "दादा, ते मी बदललं होतं, माझी नोकरी जाईल."

काकू सापडल्या नव्हत्या अजून. लोक काठाकाठाने पळत होते. ज्या बाईने मला भोरच्या परीक्षेला जाताना स्वतःची छत्री दिली, तिच्याबद्दल एक अक्षर नाही. माझी नोकरी.

तू म्हणालास, "गप ऱ्हा. फोन ठेव." मी ठेवला.

आणि तिसऱ्या दिवशी चौकशीची माणसं आली. पेटीला कुणी हात लावला होता का, असं त्यांनी विचारलं, आणि तू पुढे होऊन सांगितलंस, "व्हय. पान्यातल्या डोळ्याची तार म्या काढली व्हती. साफ कराया. परत बशिवली न्हाई."

मला हे वहिनीने सांगितलं. मी रडले, आणि मग, खरं सांगते, मला हायसं वाटलं. आमच्या कंपनीच्या अहवालात राखणदाराचा निष्काळजीपणा असं आलं. तो अहवाल तपासायला माझ्यापुढेच आला होता. तार निघाली असती तर पेटीत डोळा सापडत नाही अशी नोंद झाली असती आणि दिवा लाल झाला असता. नोंदी माझ्याजवळ होत्या. सहा वाजून बारा मिनिटांपर्यंत पाण्याचे आकडे बरोबर, आणि पुढे डागाची खूण. मी अहवालावर सही केली.

ग्रामसभेत तुला काय काय बोलले तेही वहिनीने सांगितलं. गणपतीत तुला कुणी आरतीला बोलावलं नाही. तू दुसऱ्याच्या बांधावरून जायचं सोडलंस. फोनवर मात्र गुडघा आणि म्हैस.

तू माझ्यासाठी केलंस हे मला कळतं. पण ऐक, रागावू नकोस. तुझ्या खोट्याने आणि माझ्या सहीने फक्त माझी नोकरी वाचलेली नाही. चूक राखणदाराची ठरली म्हणून पेटी कुणी उघडूनच बघितली नाही. तो शून्य आजही सदतीस पेट्यांत आहे. त्यातल्या अकरा वेल्ह्याच्या बाजूला. सदतीस फरश्या, दादा. मिरगाला दीड महिना राहिला.

म्हणून मला झोप लागत नाही. तुझ्यासाठी लागत नाही असं लिहिलं असतं तर जास्त शोभलं असतं, पण आता खोटं नको. आधी तुझ्यासाठी लागत नव्हती, पण त्याची सवय झाली होती. या सदतीसची होईना.

सोमवारी साहेबांना सांगणार आहे.

नूतन


भोर, एसटी स्टँड,
२९ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

मी भोरमध्ये आहे. इथपर्यंत याआधी दोनदा येऊन माघारी गेले आहे, एकदा दिवाळीत, एकदा संक्रांतीला. तुला कामाचं सांगितलं होतं. या वेळी माघारी जाणार नाही, पण आज वरही येणार नाही. आज पत्र पुढे पाठवते. सोमनाथ ड्रायव्हर गाडी सुटायची वाट बघतोय, त्याच्या हाती देते, संध्याकाळपर्यंत मिळेल. समोर आले तर तू मला बोलू देणार नाहीस, हे मला माहीत आहे.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मिटलेलं प्रकरण आहे, पुढच्या महिन्याच्या बदलात गुपचूप दुरुस्त करून टाक, कुणाला कळणार नाही. मी म्हणाले, कळलंच पाहिजे. मग सगळं लेखी दिलं, नोंदी जोडून, त्यांना आणि ज्यांनी चौकशी केली त्या कचेरीलाही. लेखी आल्यावर त्यांना गप बसता येईना. त्याच दिवशी सदतीसही पेट्यांत शून्याचा परत एक झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार पेट्या लाल होऊन थांबल्या. चार गावांतून तक्रारी आल्या की उन्हाळ्यात कसला लाल दिवा. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. मला सध्या कामावर येऊ नका म्हणाले आहेत. बढती गेली, नोकरीचं चौकशीनंतर कळेल. नोकरी जाईल या वाक्याची एवढी भीती होती ना, ते असं झालं, आणि मी जेवले, झोपलेही.

आज सकाळी सारोळ्याला गेले होते.

सोपानतात्या रसवंतीवर बाकड्यावर बसले होते. दाढी वाढलेली. मला बघून उठले, लेकीला म्हणाले, हनुमंताची बहीण आली, रस दे. हनुमंताची बहीण म्हणताना त्यांचा आवाज बदलला. मी ग्लास हातात घेतला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. शून्य, कुलूप, दगड, अहवालावरची सही. फोनवरचं ते वाक्यही सांगितलं. ते गाळावं असं फार वाटत होतं. लेकीने चरक बंद केला.

त्यांनी एकच विचारलं, "ती दिवा बघून गेली का दगड बघून?"

मी म्हणाले, दिवा.

मला वाटलं मारतील, वाटलं हाकलतील. ते टॉवेलने बाकडं पुसत राहिले, पुसलेलंच परत. आणि म्हणाले, "भरल्या सभेत म्या हनुमंताला नको ते बोललो. तुजी बायको गेली असती मंजी कळलं असतं, आसं बी बोललो. त्यो खाली मान घालून उबा व्हता. आता ते बोललेलं म्या माघारी कसं घिऊ?"

माफी मागायची म्हणून गेले होते, तीही मागितली नाही, कारण मागितली असती तर त्यांना काहीतरी द्यावं लागलं असतं. निघताना ते मागून म्हणाले, "मला एकट्याला सांगून जाऊ नगं. जितं म्या बोललो तितं सांग. म्या येतो."

तेव्हा परवा, एक मेच्या ग्रामसभेला, मी येते आहे. सकाळच्या गाडीने. तात्याही त्याच गाडीने.

तुझ्याकडून एकच हवंय. मी उभी राहिले की तू मध्ये बोलू नकोस. तू उठशील, म्हणशील पोरगी भावासाठी खोटं सांगतीया, तार म्याच काढली व्हती. आणि लोक तुझं ऐकतील, कारण नऊ महिने त्यांनी तेच धरून ठेवलंय, सोडणं त्यांनाही जड जाईल. म्हणून आधीच पाया पडून सांगते. उठू नकोस. रेंज गेली असं समज. मला पूर्ण बोलू दे, ते वाक्यसुद्धा. लोक जे बोलायचं ते मला बोलतील. तू तेव्हा नुसता बस, मान वर करून.

बाजारातून चुना घेतला आहे, खडे. पिशवी जड आहे. ग्रामसभा झाल्यावर दगडावरचं शेवाळ मी खरवडते, तू काठावर बसून सांग कुठे राहिलं ते. गुडघा घेऊन पाण्यात उतरायचं नाही.

गाडी सुटायला आली. सोमनाथ हॉर्न वाजवतोय.

लीलाकाकूंच्या मरणाचा दोष जिने नऊ महिने तुझ्या नावावर लिहून ठेवला, ती तुझी धाकटी बहीण,

नूतन